घरच्या सरबताच्या कोपऱ्याची सुरुवात
भाऊ, काचेच्या बाटल्या अन् मिक्सर राहू दे, आधी माठ घे. बंद खोलीत नको, ओसरीत वारा लागेल तिथे ओल्या रेतीवर ठेव. झिरपलेलं पाणी वाऱ्यानं वाळतं, तेव्हाच आतलं गार होतं. लाईन गेली तरी काळजी नाही.

मग पाक: दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळून, गार करून कोरड्या बरणीत भर. ओला चमचा घालू नको. माझी पन्ह्याची अख्खी बरणी तशीच बुरसली. लिंबू, बेल, कैरी, सगळ्यांना हाच पाक चालतो.

संत्र्याचा रस मात्र साठवू नकोच. आपलं नागपुरी संत्रं पिळून ठेवलं की कडवट होतं, बी चिरडली तर आणखीच. पाहुणा टेकला की मगच पिळ.