मराठवाड्यात घुमटाचं क्रिकेट स्टेडियम: जमेल का, परवडेल का?

भाऊ, मे महिन्यात आपल्याकडं दुपारी सामना ठेवता येत नाही, मग अमेरिकेसारखं घुमटाचं एसी स्टेडियम संभाजीनगरात का नको, असं तुम्ही विचारलंय. पोलादी छपरांचं डिझाइन हाच माझा धंदा, त्यामुळं जरा लांबण लागेल.

विजापूरचा गोलघुमट शाळेच्या सहलीत बघितला असेल. आतला व्यास सुमारे 38 मीटर, आणि तेवढा पेलायला भिंती 3 मीटर जाड. 1965 साली उघडलेल्या, अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या घुमटाच्या स्टेडियमचा म्हणजे अ‍ॅस्ट्रोडोमचा गाळा (मधलं बिनखांबाचं अंतर) 196 मीटर. मधे एक खांब न लावता साडेसात एकर वावर झाकायचं! सिंगापूरचं नॅशनल स्टेडियम 2014 मध्ये 310 मीटरवर गेलं, म्हणजे साडेअठरा एकर.

घुमट वजनानं खाली बसतो तसा कडेनं बाहेर फाकतो. दगडविटांत तो रेटा भिंतींची जाडी घेते. पोलादात बुडाशी एक बंद कडं असतं, ते ताणात राहून रेटा पोटात घेतं. वरच्या जाळीचे फोटो सगळे काढतात, पण डिझायनरची झोप उडते ती या कड्यानं. त्यात आपलं ऊन. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातलं तापलेलं पोलाद यांत 50 अंशांचा फरक धरा. 200 मीटर व्यास 12 सेंटिमीटरनं वाढतो. कडं खांबांना जखडलं तर खांब ढकलले जाणार, म्हणून खाली सरकते बेअरिंग द्यावे लागतात.

छप्पर हलकं असलेलं भूकंपात बरं, हे 1993 च्या किल्लारीनंतर आपल्याला कुणी शिकवायला नको. पण हलकं छप्पर वारा उचलतो. 2005 मध्ये कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम या घुमटाच्या स्टेडियमच्या छताचं आवरण फाटलं, आत हजारो लोक आसऱ्याला असताना.

गवताचं तर विचारूच नका. अ‍ॅस्ट्रोडोमच्या पारदर्शक छतातून येणाऱ्या उजेडानं खेळाडूंना चेंडू दिसेना. छत रंगवलं, तर गवत मेलं. पुढच्या वर्षी तिथं कृत्रिम गवत आलं. क्रिकेटची खेळपट्टी अशी बदलता येत नाही. मेलबर्नच्या डॉकलंड्स स्टेडियममध्ये 2000 साली बंद छताखाली एकदिवसीय सामने झाले खरे, पण तिथलं छत सरकतं, गवताला ऊन देता येतं. सरकतं म्हटलं की खर्च आणि देखभाल दोन्ही वाढलं.

माझं मत विचाराल तर मैदान उघडं ठेवा, फक्त प्रेक्षकांवर खोल छप्पर घ्या आणि सामने दिव्यांखाली खेळवा. घुमटाची हौसच असेल तर 50-60 मीटरचा हॉल बांधा, कबड्डी-खोखोची पोरं वर्षभर खेळतील.

आणि जागा कुठली धरलीय? काळी माती असेल तर आधी माती तपासा. पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी ती जमीन कड्याखालचे खांब कमीजास्त हलवेल, मग वरचं गणित कितीही चोख असो, उपयोग नाही.