रात्री कूलर बंद करणारी मुलगी

"मॅडम, हिला बातम्या दाखवणंच बंद करू का?"

उन्हाळा लागला की हा प्रश्न घेऊन आई-वडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. मूल तापमानवाढीबद्दल ऐकतं, घाबरतं, रात्री झोपत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. मग मोबाइल काढून घ्यावा, विषय टाळावा, की आणखी काही करावं? ह्याचं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. घरच्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एप्रिल संपत आला होता. नागपुरातल्या मानेवाड्याकडून आई आणि दहावीत गेलेली मुलगी अशा दोघी आल्या. आई बसायच्या आधीच बोलायला लागली. "मॅडम, हे पोरगी रात्री झोपूनच नाही राहिली. दोन वाजता उठते आन् कूलर बंद करून टाकते. आम्ही घामानं जागे होतो, तर ही खाटेवर बसलेली. काहून बंद केला म्हटलं, तर म्हणते पृथ्वी तापून राहिली." आवाजात राग होता, पण तिचा हात सारखा मुलीच्या पाठीवरून फिरत होता.

पहिल्या भेटीत मी चूक केली. "अगं, तुझ्या एका कूलरनं पृथ्वी तापत नाही, एवढा विचार नको करू," असं म्हणाले. तिने मान डोलावली आणि नंतर एक शब्द बोलली नाही. पुढच्या आठवड्यात आईने सांगितलं, काहीही फरक नाही. फरक पडणारच कसा? मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं, फक्त गोड शब्दांत.

दुसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं आणि मुलीला विचारलं, रात्री दोन वाजता नेमकं काय होतं? बराच वेळ ती दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग दप्तरातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली.

दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिला तारखेचा, दुसरा तापमानाचा, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर फक्त 'बाबा'. ४३, त्यापुढे ७.१०. ४४, त्यापुढे ७.२५. एका ओळीत ४४ आणि ८.०५, आणि त्या ८.०५ खाली पेन इतक्या वेळा फिरवलेला की कागद फाटला होता. बाबा घरी पोचल्याची ती वेळ. तिचे वडील प्लास्टरचं काम करतात, तेव्हा बेसा भागातल्या एका इमारतीवर होते. रात्री कूलरच्या आवाजात त्यांचा श्वास ऐकू येत नाही, हेही कूलर बंद करण्याचं एक कारण होतं. ते तिने आईला सांगितलं नव्हतं.

शाळेच्या धड्यातून तिला कारणं कळली, मोबाइलवरून आकडे कळले, आणि त्या दोन्हींच्या मधोमध तिला उन्हात परांचीवर उभे असलेले बाबा दिसत होते. अशा भीतीला आजार म्हणायची मला घाई नसते. तरीही भूक, शाळा, मैत्रिणी ह्यांची चौकशी केली आणि जगणं नको वाटतं का, हेही सरळ विचारलं. ते तसं नव्हतं. असतं तर मी तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ५६ लिहून भोवती गोल केला होता. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी घराघरात फिरली होती, अनेकांना आठवत असेल. नंतर त्या स्वयंचलित यंत्राचा सेन्सर बिघडल्याचा खुलासा झाला, पण खुलासा काही बातमीइतका फिरला नाही. शहराचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. तो आकडा पुरेसा गंभीर आहे, त्याला फुगवायची गरज नाही. तिने स्वतःच्या हाताने ५६ वर काट मारली आणि शेजारी ४७.९ लिहिलं. भीती खऱ्या मापाची झाली की तिच्याशी बोलता येतं, म्हणून मी आकडे लपवण्यापेक्षा दुरुस्त करण्याच्या बाजूची आहे.

कारणांचाही गोंधळ होता. ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं, असं ती म्हणाली. (माझ्याकडे येणारी कितीतरी मोठी माणसंही हेच म्हणतात.) ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो, तो प्रश्न वेगळा. पृथ्वी तापते ती कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळल्याने आणि जंगलं तोडल्याने. हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, भातशेती, गुरंढोरं, कचऱ्याचे ढीग ह्यांच्यातून मिथेन येतो. मी तिला गोधडी आठवायला सांगितली. गोधडी स्वतः गरम नसते, ती आपलीच ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे वायू पृथ्वीभोवती तसंच करतात, आणि दरवर्षी आपण त्या गोधडीवर आणखी एक थर शिवतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत.

"आणि आपली वीज तर कोराडीची न, मॅडम? कोळशाचीच?"

कोराडी, खापरखेडा ही नागपूरजवळची वीजकेंद्रं, दोन्हीकडे कोळसाच जळतो. मी नाही म्हटलं असतं तर ती मला पुन्हा कधी वही दाखवायला आली नसती. मग आम्ही दोघींनी हिशेब मांडला. घरचा कूलर धरला दोनशे वॅटचा, पाच तास चालला म्हणजे एक युनिट. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. "म्हणजे जातो तर खरा," ती म्हणाली. जातो, मी म्हटलं. पण भारतातला माणूस सरासरी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि तुमचं घर तर त्या सरासरीच्याही बरंच खाली असणार. वीज कोळशाची असावी की उन्हाची, हे ठरवणारे मोठे लोक आहेत, त्यांना प्रश्न विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. रात्री दोन वाजता आईला घामात जागं ठेवून ते ठरत नाही. ह्यावर ती रडली, बऱ्याच दिवसांनी असावं.

झोपेबद्दल आईला वेगळं बसवून सांगितलं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली उष्णता सोडत राहतो, त्यात कूलर बंद, म्हणजे उतरायला जागाच नाही. चार-पाच रात्री अशा गेल्या की कोणाचंही डोकं फिरतं, चिडचिड होते, वाईट विचार दुप्पट मोठे वाटतात. निम्मी चिंता मनाची असेल, तर निम्मी त्या खोलीची होती. उन्हाळ्यात आलेल्या माणसाला मी आता आधी विचारते, झोपता कुठे, छत कसलं आहे.

तिसऱ्या भेटीला, रविवारी, बाबा आले. खुर्चीच्या कडेवर बसले, नखांच्या कडांना सिमेंट. मुलीला विचारूनच मी वही त्यांच्या हातात दिली. ते पानं उलटत गेले आणि त्या फाटलेल्या कागदापाशी थांबले.

"त्या दिवशी भिंत पुरी करायची होती," ते म्हणाले.

"मग फोन करायचा होता न बाबा."

त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ तशीच मांडीवर धरून ठेवली.

मग कामाचं बोललो. लघवीला किती वेळा जाता? सकाळी एकदा आणि घरी आल्यावर. रंग? "जवसाच्या तेलासारखा." पाणी का पीत नाही? "टाकीतलं पाणी चहाएवढं गरम राहते मॅडम, घशाखाली नाही उतरत." उष्णतेचा मार नुसत्या उष्माघातातून बसतो असं नाही. घामातून पाणी गेलं की रक्त कमी पडतं, हृदयाला जास्त जोरात काम करावं लागतं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर मूत्रपिंडं थकतात. शिवाय ते रक्तदाबाची गोळी घेत होते. काही गोळ्यांनी लघवी वाढते, उन्हात त्या तपासून घ्याव्या लागतात, म्हणून गोळ्यांची पट्टी घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. माझ्या क्षेत्रातली अशीच एक गोष्ट इथे कळकळीने सांगते. लिथियम आणि मानसिक आजारांवरची इतर काही औषधं घेणाऱ्यांना उष्णतेचा धोका जास्त असतो. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोला.

खिशातल्या कांद्याबद्दल बाबा जरा संकोचून बोलले. कांदा राहू द्या, मी म्हटलं, त्याच्यासोबत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची कॅन न्या. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. सोबतचा माणूस बरळायला लागला, अडखळायला लागला, तर घाम येतोय की नाही ते बघत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. ठेकेदाराशी बोलून सकाळी साडेसहाला काम सुरू करायचं आणि साडेबारा ते तीन सावलीत, असं त्यांनी जमवलं. प्रत्येक साइटवर हे जमत नाही, मला माहीत आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मुलीच्या वाट्याला तीन कामं आली. दुपारी चार वाजता बाबांचा फोन घ्यायचा. चुन्यात फेविकॉल कालवून गच्ची पांढरी करायची, हे तिने मामेभावासोबत दोन सकाळी राबून केलं. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावला तर आधी पोळायचं, आता कोमट लागतं, असं तिने येऊन सांगितलं. तिसरं काम कूलरचं. आजार वाढतील का, असं तिने विचारलं होतं, तेव्हा मी तिला डेंग्यूचा डास दाखवला तो तिच्याच कूलरच्या टाकीत. उष्णतेत डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू लवकर तयार होतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून दर गुरुवारी टाकी रिकामी करायची, घासायची, कोरडी ठेवायची.

आणि बातम्या? बंद केल्या नाहीत. जेवणाआधी वीस मिनिटं, आईसोबत, अंथरुणात मोबाइल नाही. रात्री चिंता आली की वहीत एक ओळ लिहायची, तिच्यावर उद्या सहा वाजता बोलू, असं ठरलं. २०२४ साली जगाचं सरासरी तापमान पहिल्यांदाच कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून जास्त भरलं, ते वाचून ती म्हणाली, "म्हणजे संपलं न सगळं?" नाही बेटा. तापमानवाढ रोखायला देशांनी केलेल्या पॅरिस कराराचा दीड अंश अनेक वर्षांच्या सरासरीचा आहे, एका वर्षाचा नाही, आणि तो कड्याचा काठही नाही. १.६ हे १.८ पेक्षा बरं, १.८ हे २ पेक्षा बरं. प्रत्येक दशांशात माणसं वाचतात.

आई-वडिलांना एवढंच सांगते की तुमचं मूल काही वेगळं नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींना विचारलं, तेव्हा ५९ टक्के जण हवामानबदलाने खूप किंवा अतिशय चिंतेत होते. मूल घाबरलं असेल तर शेजारी बसा आणि कोणासाठी घाबरतोस ते विचारा. झोप, जेवण, शाळा दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, किंवा मरणाची भाषा आली, तर थांबू नका. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

पहिला पाऊस पडून गेल्यावर ती वही घेऊन शेवटचं भेटायला आली. तिसरा रकाना तसाच होता, शेजारी चौथा आखला होता, पाण्याच्या बाटल्यांचा. त्यातले आकडे वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरात होते, बाबांच्या हातचे. रात्री अजून एखाद वेळा जाग येते, ती म्हणाली. मग उठून कूलरमध्ये पाणी आहे का बघते आणि परत झोपते.