नवीन बॅटरी घातली तरी जुनी कार स्टार्ट होत नाही, किल्ली फिरवली की फक्त ‘टक’ होतं. आता सेल्फ बदलू का?

सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला, एवढ्यात हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय त्यानुसार गाडी जुनी आहे, पेट्रोलवरची, कार्ब्युरेटरवाली. हेडलाइट झक्क लागतात आणि किल्ली फिरवतानाही मंद होत नाहीत. एकदाच ‘टक’ आवाज येतो आणि पुढे काही नाही. मधूनच कधीतरी मात्र पहिल्या फटक्यात उठते. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलायला लावली, आता सेल्फ बदलू म्हणतोय. यावरून मला एक गोष्ट लगेच कळते: आजवर या गाडीला कोणी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, लावलेला नाही. ‘बदलून बघू’ ही निदानाची पद्धत नव्हे, गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधणं आहे. या मुद्द्यावर मी कायम भांडत आलोय आणि इथेही भांडणार आहे, कारण जुन्या गाड्यांची बदनामी या सवयीमुळेच झाली आहे.

आधी आवाजाचं बघू. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सैल असतात: सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फचा भार येताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. आवाजच नसेल तर इग्निशन स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा न्यूट्रल स्विच बघायचा. तुमचा एकच ठाम ‘टक’ म्हणजे सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटरपर्यंत पुरेसा करंट पोचला नाही.

आता दिवे. सेल्फने खरोखर करंट खेचला असता तर दिवे मंद व्हायलाच हवे होते. ते होत नाहीत, म्हणजे करंट वाटेतच अडतोय. मुख्य जागा तीन: सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश, किंवा इंजिनची अर्थिंग. यातली तिसरी जागा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. बॅटरी या तिन्हींत नाही, म्हणूनच नवी घालून काही फरक पडला नाही.

अर्थिंगचं जरा सविस्तर सांगतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक केबल बॉडीला जाते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडीपासून इंजिनला किंवा गिअरबॉक्सला वेगळी केबल नाहीतर तारांची विणलेली पट्टी असते. काही गाड्यांत बॅटरीची केबल थेट इंजिनला जाते. सेल्फचा सगळा करंट याच वाटेने परततो. हेडलाइटची अर्थ बॉडीला असते, त्यामुळे ही पट्टी कुजली तरी दिवे लखलखीत दिसतात आणि सगळे बॅटरीला किंवा सेल्फला दोष देत बसतात.

हिशोब बघा. 55 वॅटचा एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो. छोट्या पेट्रोल इंजिनचा सेल्फ फिरताना 100 ते 200 अँपिअर खेचतो. गंजलेल्या जोडावर फक्त 0.02 ओहम अडथळा धरला, तर त्याच जोडातून जाणाऱ्या बल्बला 0.1 व्होल्टही कमी पडणार नाही, पण 150 अँपिअरला तिथे 3 व्होल्ट गळतील. एवढ्यावर सेल्फ मान टाकतो. हा अडथळा मीटर ओहमवर ठेवून सापडत नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा याहून जास्त असतो. केबलमधल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली तरी मीटर ‘ठीक’ दाखवतो. म्हणून भार चालू असताना व्होल्टेज मोजायचं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉईलला किल्लीकडून येणारी वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन अचानक उठणार नाही. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला बसवा, दर वेळी तीन-चार सेकंद पुरेत.

पहिलं माप बॅटरीचं. काळी पिन निगेटिव्ह खुंटावर, लाल पॉझिटिव्ह खुंटावर. खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही. स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. गाडी नुकतीच चालवलेली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर आकडा खोटा फुगलेला दिसतो. सेल्फ फिरताना 9.6 च्या खाली जाता कामा नये.

दुसरं माप अर्थिंगचं. काळी पिन निगेटिव्ह खुंटावरच ठेवा, लाल पिन इंजिन ब्लॉकवर, रंग आणि तेल नसलेल्या उघड्या धातूवर. किल्ली फिरवा. 0.2 व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चोर सापडला. मग लाल पिन एकेक टप्पा मागे आणा: ब्लॉकवर, केबलच्या इंजिनकडच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर), बॉडीकडच्या लगवर, बॉडीच्या धातूवर, बॅटरीच्या क्लॅम्पवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष तिथेच. बऱ्याचदा लग वरून स्वच्छ दिसतो आणि खाली रंगाचा थर किंवा तपकिरी गंज असतो. केबलच्या टोकाजवळ वाकवून बघा: ताठर लागली, कुरकुर वाजली, तर आवरणाखाली तांबं हिरवं होऊन खलास झालंय. ती घासून सुधारत नाही, बदलावीच लागते, आणि जुनीपेक्षा बारीक अजिबात घालू नका.

मीटर नसेल तर जंपर केबलची एक वायर निगेटिव्ह खुंटापासून थेट इंजिन ब्लॉकला लावा आणि किल्ली मारा. सेल्फ गरकन फिरला, तर निदान झालं. आणखी एक खूण: किल्ली मारताना चोक किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम लागते का? परतीची वाट बंद झाली की करंट त्या केबलमधून वाट काढतो. हे आढळलं तर पुन्हा किल्ली मारू नका, आधी अर्थिंग नीट करा.

एक गोष्ट बरेच जाणकारही विसरतात: ही मापं करंट वाहत असेल तरच खरी. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळाले असतील तर वाटेत सगळीकडे जवळपास शून्य दिसेल आणि ‘वायरिंग उत्तम’ असा गैरसमज होईल. शिवाय तुमचा दोष येतो-जातो, म्हणून नुसता ‘टक’ होतोय त्या क्षणीच मोजायला हवं. गाडी नीट उठत असताना घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

अर्थिंग निर्दोष निघाली तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर एकेक पिन लावा. किल्ली न फिरवता तिथे बॅटरीइतकं व्होल्टेज दिसेल. ‘टक’ झाल्यावर ते 0.3 च्या आत उतरायला हवं. 12 च्या आसपासच राहिलं तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. पुष्कळ सेल्फमध्ये नुसता सोलेनॉइड किंवा नुसते कॉन्टॅक्ट बदलता येतात. आकडा उतरला, मोटरच्या बोल्टवर पूर्ण व्होल्टेज आहे आणि मोटर तरीही गप्प, तर ब्रश झिजलेत. अशा वेळी सेल्फला हातोडीने हलकं ठोकलं की गाडी उठते. ती परीक्षा आहे, दुरुस्ती नाही. ठोकून महिनोन्‌महिने गाडी चालवणारे शेवटी कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, जाळून बसतात. ब्रश बदला, मोटरच्या दांड्याचे बुश बघा. अख्खा सेल्फ बदलण्याची वेळ बहुधा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, जळालं तरच येते. तोवर नवा घ्यावा की रिकंडिशन, हा प्रश्नच उद्भवत नाही.

गरम इंजिनलाच ‘टक’ होत असेल तर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, म्हणजे 50 नंबरवर, किल्ली फिरवताना किती व्होल्टेज येतं ते बघा. बॅटरीला 12 आणि तिथे 8 असेल तर जुना इग्निशन स्विच व्होल्टेज खातोय. गरम सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा अडथळा वाढलेला असतो, त्याला 8 पुरत नाहीत. बॅटरीजवळ 30 किंवा 40 अँपिअरचा रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) आणि वाटेत फ्यूज घालून सोलेनॉइडला थेट वाट द्या. स्विचकडे फक्त रिले चालवण्याचं काम उरतं.

सेल्फ छान फिरून गाडी उठत नसेल तर ते वेगळं प्रकरण, तुम्ही विचारलेलंही नाही, म्हणून थोडक्यात. आधी ठिणगी: निळसर आणि कडक हवी. पिवळी आणि मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्युटरमधले कंडेन्सर आणि पॉइंट बघा, पॉइंटचा गॅप साधारण 0.4 मिलिमीटर. सेल्फ फिरताना पेट घेते आणि किल्ली सोडताच मरते, तर कॉईलचा बॅलास्ट रेझिस्टर तुटलाय. मग पेट्रोल: एअर फिल्टर काढून अॅक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरच्या घशात पिचकारी दिसली पाहिजे. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि एकसुरात फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या आणि लगेच थांबा. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

‘जुनी गाडी आहे, आता काय भरवसा’ असं जे तुम्हाला सांगतायत, त्यांना विचारा की ही चार मापं कोणी घेतली होती का. या गाडीच्या सेल्फच्या सर्किटमध्ये बॅटरी, दोन-तीन केबल, एक स्विच, एक सोलेनॉइड आणि एक मोटर आहे. सगळं पाऊण तासात मोजून होतं.

काही सूचना आधीच द्यायला हव्या होत्या. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्या तोंडाशी ठिणगी पाडू नका. म्हणून वर सांगितलेली जंपरची वायर आधी खुंटाला लावा आणि दुसरं टोक ब्लॉकवर, बॅटरीपासून दूर. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त सलग मारू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. लगच्या खालची जागा चकाकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा, पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावा. आणि कॉईलची काढलेली वायर परत जोडायला विसरू नका.