वाचकांचे प्रश्न : सहकुटुंब दुबई, आणि तिथले ऊन

प्रश्न : आम्ही लातूरचे. मी आणि माझे पती दोघेही शिक्षक असल्यामुळे सलग सुटी मिळते ती मे महिन्यात. यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाई (वय ७०, गुडघेदुखी व रक्तदाबाचा त्रास) आणि ९ व १४ वर्षांची दोन मुले यांच्यासह पाच दिवस दुबईला जाण्याचे घाटत आहे. ‘आपण मराठवाड्याचे, आपल्याला उन्हाचे काय,’ असे घरात सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का? आणि पाच दिवसांत काय पाहावे?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : घरच्यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा त्रास सर्वांत जास्त सासूबाईंना होईल, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते. मेअखेरीस दुबईत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. नुसता आकडा पाहिला तर लातूरकरांना त्यात नवे काहीच नाही. परंतु आपले ऊन कोरडे असते. अंगावर आलेला घाम पटकन वाळतो, वाळताना अंग निववतो, आणि दिवस मावळल्यावर अंगणात बाज टाकली की थोडी तरी झुळूक लागते. दुबई आखाताच्या काठावर असल्यामुळे तिथल्या हवेत समुद्राचे बाष्प असते. त्यामुळे घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि उन्हाळा वाढत जातो तशी रात्री दहा वाजतासुद्धा हवा अंगाला चिकटून राहते. मी माझ्या आईला घेऊन सप्टेंबरात गेले होते. एका मॉलच्या थंडगार दारातून रात्री बाहेर पडताक्षणी तिच्या चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्याफटक झाल्या. आपल्या डोळ्यांनाच काही झाले असे वाटून ती होती तिथेच उभी राहिली आणि माझा दंड घट्ट धरला. मी पदराने काचा पुसून दिल्या, तर त्या पुन्हा भरून आल्या. तो क्षण आठवला की वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगावेसे वाटते.

दुसरा त्रास आतल्या थंडीचा. मेट्रो, मॉल, टॅक्सी, इतकेच काय अनेक बसथांबेसुद्धा तिथे वातानुकूलित आहेत, आणि दिवसातून दहा वेळा या गारव्यातून त्या भट्टीत जाण्याने गुडघे आखडतात, घसा धरतो. सासूबाईंजवळ एक शाल आणि पायांत मोजे सतत असू द्यावेत. तहान लागण्याची वाट न पाहता त्यांना दर तासाला थोडे पाणी द्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर अशा हवेत पाणी आणि मीठ किती घ्यावे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

यावरून माझे मत असे झाले आहे की, शिक्षक म्हणून आपल्याला दिवाळीची सुटीही मिळते, तर ही सहल भाऊबीज आटोपल्यावर करावी. नोव्हेंबरात तिथे दुपारी तिशीच्या आसपास तापमान असते आणि संध्याकाळी बाहेर बसवते. ग्लोबल व्हिलेज ही देशोदेशीच्या दालनांची जत्रा आणि फुलांची मिरॅकल गार्डन, जी मुले हमखास मागतील, ती कडक उन्हाळ्यात बंद असतात आणि हिवाळी हंगामातच पाहायला मिळतात. मे महिन्यात हॉटेले स्वस्त मिळतात हे खरे, पण वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, कारण एरवी चालत गेला असता असे दहा मिनिटांचे अंतरही चालवत नाही.

मेच नक्की असेल, तर दिवसाची आखणी आपल्या शेतकऱ्यासारखी करावी. पेरणीआधीची मशागत जशी उजाडता उरकतात आणि दुपारी झाडाखाली बसतात, तसेच. तिथल्या सरकारनेही १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी घातली आहे, आणि पाहुण्यांनीही तो नियम आपला मानावा. सकाळी लवकर बाहेरचे एक ठिकाण, दुपारी हॉटेलवर झोप किंवा छपराखालचे काही, आणि सूर्य कलल्यावर दुसरे ठिकाण, दिवसाला दोनच. सहल कंपन्यांच्या पत्रकात एका दिवसात सहा-सात ठिकाणे असतात, त्यांतली निम्मी बसच्या काचेतून पाहायची असतात.

बुर्ज खलिफा पाहावाच. ८२८ मीटर उंचीची ही इमारत २०१० साली खुली झाली आणि आजही जगात सर्वांत उंच आहे. १२४व्या व १२५व्या मजल्यांचे तिकीट पुरेसे आहे. सूर्यास्ताच्या वेळेचे तिकीट महाग असते, त्याऐवजी सकाळची वेळ घ्यावी. लिफ्ट साधारण मिनिटभरात वर नेते, तेव्हा मुलांना आवंढा गिळत राहायला सांगावे, म्हणजे कानात दडे बसत नाहीत. मेट्रो स्थानकापासून या इमारतीला लागून असलेल्या दुबई मॉलपर्यंत वातानुकूलित पूल आहे, पण तो पाऊण किलोमीटरहून लांब आहे. मधे सरकते पट्टे असले तरी सासूबाईंसाठी सरळ टॅक्सी करावी. मुलांना मात्र मेट्रोत जरूर बसवावे. २००९ साली सुरू झालेली ही गाडी चालकाविना धावते आणि सर्वांत पुढच्या काचेतून समोरचा रूळ दिसतो. महिला व मुलांसाठी वेगळा भाग आहे. गाडीत खाणे-पिणे मना आहे आणि चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला तरी दंड होऊ शकतो, हे धाकट्याला आधीच समजावून ठेवावे.

वाळवंटातल्या सफारीत गाडी वाळूच्या टेकड्यांवरून उडवत नेतात. गुडघे, कंबर वा मान दुखणाऱ्यांनी त्यात बसू नये. आरक्षण करतानाच ‘आजींना थेट मुक्कामाच्या तळावर न्या’ असे ठरवून घ्यावे. विमानाचे तिकीट काढताना चाकाच्या खुर्चीची मागणीही नोंदवावी. दुबईचा विमानतळ फार मोठा आहे. लातूरहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते, तेव्हा तिथून निघण्याचे भावही पाहून घ्यावेत.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही दुबईला मुलाकडे जात आहोत. त्याच्यासाठी फराळ, घरचा काळा मसाला आणि आमची नेहमीची औषधे न्यायची आहेत. काही अडचण येईल का?
– एक गृहिणी, परभणी

उत्तर : येऊ शकेल, आणि ती अशा जागी येईल जिथे आपल्याला शंकाही येणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातून निघते, म्हणून तिथला कायदा तिला अमली पदार्थांच्या रांगेत बसवतो, आणि आमच्याकडे ती रोजच्या स्वयंपाकात असते हे कारण तिथे चालत नाही. आता आपला फराळ आठवून पाहा. अनारसा खसखशीवर थापतात, करंजीच्या सारणात ती भाजून घालतात, आणि काळ्या मसाल्यातही ती बऱ्याच घरांत असते. तेव्हा अनारसे तिळावर थापावेत, सारणात खसखशीऐवजी तीळ घालावेत, आणि काळा मसाला या खेपेस खसखस वगळून वेगळा कुटावा. डब्यावर चिठ्ठी लावून भागत नाही, खसखस मुळातच त्यात नसावी. चकली, शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी, प्रवासासाठी धपाटे यांची काळजी नाही. विड्याची पाने आणि गुटखाही नेता येत नाहीत. घरात कोणाला सवय असेल तर त्यांना हे आजच सांगा.

औषधांचे म्हणाल, तर मधुमेह-रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या छापील चिठ्ठीसह, प्रवासाला पुरतील इतक्याच न्याव्यात. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरण्याची आपली सवय इथे अंगाशी येते. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली वेदनाशामके, खोकल्याची काही औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांना तिथल्या आरोग्य मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. ती ऑनलाइन मिळते. चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानदाराला प्रत्येक गोळीतला घटक विचारून लिहून घेतला तर काम सोपे होईल.

प्रश्न : मी जलसंपदा विभागातून निवृत्त झालो. मुलगी आग्रहाने दुबईला नेत आहे, पण उंच इमारतींत माझे मन रमेल असे वाटत नाही. जुने काही पाहण्यासारखे आहे का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्यासारख्या माणसाने दुबई पाण्याच्या अंगाने पाहावी. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एकही बारमाही नदी नाही, आणि तरी नळाला पाणी येते, कारण ते समुद्राचे खारे पाणी गोडे करून घेतलेले असते. दुबईतल्याच जेबेल अली इथे वीजनिर्मितीतली उष्णता वापरून हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस पाहिलेल्या माणसाला त्या नळाची किंमत कळते. बुर्ज खलिफाविषयी एक गोष्ट आपल्याला आवडेल: तिथल्या दमट हवेमुळे वातानुकूलन यंत्रणेवर जे पाणी साचते, ते गोळा करून आवारातल्या बागेला देतात.

जुने शहर खाडीच्या दोन्ही काठांना आहे. अल फहिदी वस्तीतल्या घरांवर ‘बरजील’ म्हणजे वारा पकडणारे चौकोनी मनोरे आहेत. कोणत्याही दिशेने वारा आला तरी तो या मनोऱ्यातून खालच्या खोलीत उतरतो. आपल्या धाब्याच्या घरांच्या जाड पांढऱ्या मातीच्या भिंतींनी जे साधले, तेच तिथल्या लोकांनी उंचावरच्या वाऱ्याकडून साधून घेतले. तिथून जवळच ‘अब्रा’ या लाकडी नावेत बसून पलीकडे देइराच्या मसाला बाजारात उतरावे. भाडे एक दिरहम आहे. सुटे नाणे हातात ठेवावे.

आणि एक पूर्ण दिवस अल ऐन या खजुराच्या बागांच्या शहरासाठी काढावाच. दुबईपासून मोटारीने दीड तासाच्या आसपास. तिथली मरुद्याने २०११ साली जागतिक वारसा यादीत आली. आपल्या शहरातल्या मलिक अंबरच्या नहरीचा विचार आपण केला असेलच. डोंगराच्या पायथ्याचे भूजल केवळ उताराच्या बळावर भुयारातून गावापर्यंत आणण्याची ती युक्ती तिथे ‘फलज’ या नावाने त्याहून कितीतरी जुनी आहे. खजुराच्या दाट सावलीत पायवाटेच्या कडेने पाण्याचा पाट वाहतो, त्यातून वाफ्यांकडे फाटे फुटतात, आणि परंपरेने प्रत्येकाच्या पाण्याची वेळ ठरलेली असते. आयुष्यभर आपण ज्या पाणीपाळीचे वेळापत्रक सांभाळले, ती तिथे कशी चालते, हे बागेत काम करणाऱ्यांना जरूर विचारावे. त्यांच्यापैकी अनेक जण आपल्याच उपखंडातून गेलेले असतात आणि हिंदीत बोलतात.