सोडलेल्या गोष्टींची वही

"मी इतके सारे सोडले, तरी काम पुढे का सरकत नाही? माझ्यातच जिद्द कमी आहे का?" दीर्घ पल्ल्याचे काम अंगावर घेतलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि दर वेळी मला एका बाईंची वही आठवते. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची हकीकत येथे मांडत आहे.

त्यांचे वय चाळिशीच्या अलीकडे होते, पूर्णवेळ नोकरी होती, घरी शाळेत जाणारी मुलगी होती आणि पीएच.डी.चा प्रबंध पाच वर्षांपासून अर्धवट पडून होता. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीत सोडलेल्या गोष्टींची तारीखवार यादी होती. गाण्याचा क्लास बंद, मैत्रिणींकडे जाणे बंद, मुलीबरोबरचे संध्याकाळचे फिरणे बंद, झोप पाच तासांवर, अशा नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीखाली पट्टीने सरळ रेघ मारलेली होती. आठ महिन्यांत अशा १४ नोंदी झाल्या होत्या, आणि त्याच आठ महिन्यांत प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची जेमतेम नऊ पाने लिहून झाली होती. "मॅडम, आता सोडण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलंच नाही," असे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता.

मी त्यांना आणखी काही सोडायला सांगितले नाही. ज्या पानावर यादी होती त्याच्या समोरचे पान कोरे होते. त्यावर, जे सोडले त्याचा वेळ नेमका कोठे गेला, एवढेच आठवडाभर रोज लिहून आणायला सांगितले. पुढच्या भेटीत आम्ही दोघींनी मिळून ते पान वाचले. पहाटे चारला उठून मिळवलेला दीड तास, डोळ्यांवर झापड असल्यामुळे, तीच ती टिपणे पुन्हा वाचण्यात जात होता. फिरणे बंद करून मोकळी झालेली संध्याकाळ कार्यालयातल्या सहकाऱ्यांची अडलेली कामे उरकून देण्यात संपत होती, आणि रात्री अंगात त्राण नसल्याने पाऊण तास मोबाइल चाळण्यात जात होता. प्रत्यक्ष लेखन आठवड्याभरात २ तास ४० मिनिटे झाले होते. हा आकडा त्यांनी तीनदा बेरीज करून पाहिला.

जिद्द कमी असलेली व्यक्ती आठ महिने पाच तासांच्या झोपेवर काढत नाही, हे मी त्यांना सर्वप्रथम सांगितले, कारण ते खरे होते आणि ते कोणीतरी त्यांना सांगणे गरजेचे होते. अडचण वेगळी होती. त्याग या शब्दाला आपण इतका मान देतो की, जे सोडताना जास्त दुखते तेच जास्त उपयोगाचे, असे मनात कुठेतरी पक्के बसते, आणि मग माणूस स्वतःला टवटवीत ठेवणाऱ्या गोष्टींवरच आधी कुऱ्हाड चालवतो. बाईंनी झोप आणि गाणे सोडले, म्हणजे ज्या शक्तीवर लेखन व्हायचे तीच आटवली. अपुऱ्या झोपेचा पहिला फटका एकाग्रतेला आणि स्मरणाला बसतो, आणि प्रबंधाला नेमके हेच दोन्ही लागतात.

येथे एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, तो त्यांनाही विचारला: ही पदवी हवी कोणाला आहे? काही वर्षांपूर्वी एका तरुणाने याच प्रश्नावर बराच वेळ गप्प राहून, ते ध्येय वडिलांचे आहे, असे सांगितले होते आणि पुढे त्याने तो मार्ग शांतपणे सोडला. ती माघार होती असे मी मानत नाही. या बाईंनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता आपल्या विषयाबद्दल वीस मिनिटे सांगितले आणि त्या बोलत असताना त्यांचा चेहराच पालटला.

मग खरे अवघड काम सुरू झाले. यादीत जे कधीच आले नव्हते ते म्हणजे सगळ्यांच्या हाकेला ओ देणे. कार्यालयात कोणाचे काही अडले की ते त्यांच्याकडे येई, आणि ही ओळख त्यांना मनापासून प्रिय होती. ती थोडी सोडावी, असे मी सुचवले तेव्हा त्या म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, की हिला आता शिंगं फुटली?" गाणे सोडताना त्यांना इतका त्रास झाला नव्हता.

नुसता निश्चय अशा वेळी टिकत नाही, म्हणून आम्ही मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली 'अमुक झाले की तमुक करीन' ही रीत वापरली. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असा आधी ठरवलेला प्रसंग-कृतीचा दुवा ध्येयपूर्तीला चांगलाच हातभार लावतो असे दिसले. बाईंनी वहीत दोन वाक्ये लिहिली. 'मंगळवारी आणि शुक्रवारी कार्यालयातले काम आटोपले की मोबाइल खणात ठेवून त्याच टेबलावर मी प्रबंधाची फाइल उघडेन.' 'त्या वेळी कोणी काम घेऊन आले तर, उद्या सकाळी बघते, असे म्हणेन.' रविवारची सकाळ तिसरी ठरली. झोप सात तासांवर आणली आणि मुलीबरोबरचे फिरणे पुन्हा सुरू केले.

सहाव्या आठवड्यात घरात आजारपण आले, दोन आठवडे एक ओळही झाली नाही आणि त्या, सगळे मुसळ केरात गेले, अशा समजुतीने माझ्याकडे आल्या. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९६ जणांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले होते. माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष खंड पडला नव्हता. हे मी त्यांना सांगितले. दोन आठवडे म्हणजे एखादा दिवस नव्हे, हेही लपवले नाही. म्हणून पहिल्या मंगळवारी फक्त अर्धा तास बसायचे आणि शेवटचा परिच्छेद हाताने उतरवून काढायचा, एवढेच ठरवले. त्या ५० मिनिटे बसल्या.

सात महिन्यांनी तिसरे प्रकरण मार्गदर्शकांकडे गेले. ते लाल शेऱ्यांनी भरून परत आले आहे आणि त्यातील निम्मा भाग नव्याने लिहावा लागणार आहे. मागच्या भेटीत त्यांनी वही उघडली, तेव्हा 'गाण्याचा क्लास बंद' ही नोंद पेनने, पट्टी न लावता, खोडलेली होती आणि समोरच्या पानावर पुढच्या सहा आठवड्यांचे मंगळवार-शुक्रवार तारखांसह लिहिलेले होते.