निधी पूर्ण होईपर्यंत बाळासाठी थांबावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. २०२० मध्ये बाळाचा विचार पक्का झाला, तेव्हा तुम्ही ३० वर्षांच्या होतात. मग महासाथ आली, यजमानांचा पगार निम्मा झाला आणि ठेवी मोडून घर चालवावं लागलं. आता पगार पूर्ववत आहेत, सात महिन्यांचा खर्च आपत्कालीन निधी म्हणून बाजूला आहे. तरी मुलाच्या उच्च शिक्षणाचा सगळा निधी जमेपर्यंत, म्हणजे आणखी चार वर्षं, थांबावं असं यजमानांना वाटतं.

माझं स्पष्ट मत आहे की थांबू नका.

तेव्हा थांबलात ते योग्यच होतं. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या गुटमाखर संस्थेच्या पाहणीत ३४ टक्के स्त्रियांनी महासाथीमुळे मूल लांबणीवर टाकायचं किंवा कमी मुलं होऊ द्यायची असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी तिथे तीन ते पाच लाख जन्म कमी होतील, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात २०२१ मध्ये जन्म २०२० पेक्षा किंचित वाढले. बऱ्याच जणांची भीती काही महिन्यांत ओसरली. तुमच्या घरात मात्र ती पाच वर्षं मुक्कामाला आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

उच्च शिक्षणाचा खर्च बाळ जन्मल्यावर सतरा-अठरा वर्षांनी येतो. तो आज जमा असायची काहीच गरज नाही. त्यासाठी दरमहा एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक रकमेची गुंतवणूक, पुरते. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता घटत जाते, आणि ती वर्षं कुठल्याही व्याजाने परत मिळत नाहीत.

तयारी करायची ती पहिल्या दोन वर्षांची. येत्या तीन महिन्यांत फक्त यजमानांच्या पगारावर घर चालवून बघा आणि तुमचा पगार जसाच्या तसा आपत्कालीन निधीत टाका. कुठे ओढाताण होते, ते वहीत लिहून ठेवा. एवढ्यातच निधी नऊ-दहा महिन्यांच्या खर्चावर जाईल. आरोग्य विम्याची पॉलिसी आजच उघडून बघा, कारण बाळंतपणाच्या खर्चाला पुष्कळदा प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ तो खर्च मिळत नाही. यजमानांचा टर्म इन्शुरन्स (ठरावीक मुदतीचा आयुर्विमा) नसेल तर तो याच महिन्यात घ्या; तुमचाही घ्या, घर तुमच्याही पगारावर उभं आहे.

मोठं घर घ्यायचं मनात असेल, तर त्याचं कर्ज मात्र खुशाल दोन-तीन वर्षं पुढे ढकला. आणि हे पत्र यजमानांनाही वाचायला द्या. निम्म्या पगाराचे ते महिने त्यांनी सोसले आहेत, त्यामुळे तीन महिन्यांचा हिशेब त्यांच्याच हातांनी मांडला जाऊ दे.