नाणेसंग्रह निवृत्तीच्या हिशेबात धरू नका

प्रश्न : वय ५२, खासगी नोकरी, साठीला निवृत्ती. वीस वर्षे ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये जमवतो, विशेषतः ठशांमधले फरक. एका विक्रेत्याकडे १८६२ च्या रुपयाचे ठिपकेवाले काही प्रकार आणि जुन्या सालावर नवे साल उमटलेला (ओव्हरडेट) एक रुपया, असा संच ६ लाखांना आहे. माझी १२ लाखांची एफडी सुटते आहे, त्यातून घेऊ का? संग्रहाची किंमत परदेशी लिलावांतल्या दरांनुसार ३८ लाख असून वर्षाला १५ टक्के वाढ धरली आहे. २००९ मध्ये १२ हजारांना घेतलेला रुपया २०२१ मध्ये ६० हजारांना विकला होता. पीएफ ३४ लाख, त्यात वर्षाला २.४ लाखांची भर पडते. घरखर्च महिना ५५ हजार, नाण्यांवर महिना ३० हजार. बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचे १ लाखाचे ३ हप्ते भरले, अजून ७ आहेत. १५ वर्षांनी १६.५ लाख मिळतील. आरोग्यविमा ऑफिसचा आहे.

उत्तर : संच घेऊ नका. ही एफडी म्हणजे तुमच्याजवळची एकमेव हाताशी असलेली रक्कम आहे. तिचा निम्मा भाग विकायला सहा महिने लागतील अशा वस्तूत घालणे परवडणारे नाही.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. आजचा ५५ हजारांचा खर्च ६ टक्के महागाईने आठ वर्षांत ८८ हजारांवर जाईल, म्हणजे वर्षाला साडेदहा लाख. त्याच्या पंचवीस पट धरली तर २.६ कोटी लागतात. पीएफ ८ टक्क्यांनी ८८ लाख होईल, एफडी २० लाख. उरलेल्या खड्ड्याचा मोठा भाग तुम्ही ३८ लाखांचे १५ टक्क्यांनी १.१६ कोटी करून भरला आहे. म्हणजे तुमच्या म्हातारपणाचा जवळपास निम्मा भार नाण्यांवर आहे.

हे १५ टक्के आले कुठून? बारा वर्षांत पाचपट म्हणजे वर्षाला साधारण १४ टक्के, हिशेब बरोबर आहे. पण तो विकल्या गेलेल्या एका नाण्याचा. जी वीस वर्षे डबीतच आहेत त्यांचा परतावा तुम्हाला माहीतच नाही.

३८ लाखांचा पायाही कच्चा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता वा पाठवता येत नाहीत. तुमचे १८३५, १८४० आणि १८६२ चे सगळे रुपये त्यात येतात. परदेशी लिलावातला आकडा तुमच्या नाण्याला लागू होत नाही. गिऱ्हाईक इथलेच, आणि १८४० च्या रुपयावरची पुष्पमालेतली फळे मोजून जास्त पैसे देणारे तर त्याहून थोडे. राणीचा चेहरा आणि साल एवढेच पाहणाऱ्याला तो साधा व्हिक्टोरिया रुपया.

पत्रासोबत पाठवलेल्या तुमच्या यादीत ९ नाणी २४ लाखांची आहेत, बाकी सगळी मिळून १४ लाखांची. दर उत्तम स्थितीतल्या नाण्यांचे धरलेत, पण ९ पैकी ४ नाण्यांपुढे तुम्हीच ‘साफ केलेले’ लिहिले आहे. घासलेल्या नाण्याची किंमत तिथेच निम्मी होते. ही घट आणि इथले भाव धरून ९ नाण्यांचे १२ लाख, बाकीची एकगठ्ठा विकताना १० लाख, त्यातून लिलावाचे १२ टक्के गेले : हाती १९ लाख. ५ टक्के वाढ दिली तरी निवृत्तीला २८ लाख. एकूण जमा १.३६ कोटी. तूट सव्वा कोटीची.

पॉलिसीचा परतावा जेमतेम ५ टक्के आहे. पन्नाशीजवळ आलेल्या माणसाला पंधरा वर्षांची पॉलिसी विकणाऱ्याने त्याच्या निवृत्तीचे साल विचारलेले दिसत नाही. ती पेड-अप करून, म्हणजे कमी रकमेवर चालू ठेवून, हप्ते थांबवा. ते ८ हजार आणि नाण्यांचे ३० हजार मिळून महिना ३८ हजारांची एसआयपी इंडेक्स फंडात सुरू करा. १० टक्क्यांनी आठ वर्षांत ५५ लाख होतात. तरीही ७० लाख कमी पडतात, त्यामुळे ६३ पर्यंत काम करण्याची तयारी ठेवा. तसे केल्यास याच हिशेबाने तूट ४५-५० लाखांवर येते. स्वतंत्र आरोग्यविमा याच महिन्यात घ्या. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि ऑफिसचे संरक्षण नोकरीबरोबर संपेल.

संचातल्या ओव्हरडेटबद्दलही सावध राहा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा : या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, झिजेने थोडे कमी चालते, जास्त चालत नाही. मग १० पट भिंगाखाली, एका बाजूने तिरका प्रकाश पाडून, नाणे हळूहळू फिरवत अंक पाहा. खऱ्या ओव्हरडेटमध्ये जुना अंक ठशातच कोरलेला असतो, म्हणून नाण्यावर तो उठावाचा, गोलसर कडांचा दिसतो आणि भोवतालच्या पृष्ठावर खाडाखोड नसते. अंकाशेजारी सपाट पायरी दिसली आणि अंक अरुंद झाला असेल तर तो ठसा सैल असल्याने आलेला दुहेरीपणा. त्याला जादा किंमत नाही. अंकाभोवती बारीक ओरखडे किंवा चकाकलेला पट्टा दिसला तर कोणीतरी हत्यार चालवले आहे. १९३९ चा दुर्मीळ रुपया म्हणून दुसऱ्या सालाचा अंक बदललेलेही विकले जातात. सर्वांत भरवशाची कसोटी वेगळी : त्याच ठशातून पडलेल्या दुसऱ्या नाण्यावर तोच अंक, तीच ठशाची भेग, त्याच जागी दिसायला हवी. विक्रेत्याकडून असे दुसरे नाणे किंवा त्याची स्पष्ट छायाचित्रे मागा. ती नसतील तर या नाण्याला साध्या रुपयाच्या भावापेक्षा जास्त देऊ नका.

‘तुमची नाणी लाखांत विकून देतो, आधी नोंदणी फी भरा’ असे फोन आले तर पैसे देऊ नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून कमिशन मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केले आहे.

वर्षभरात त्या ९ पैकी दोन नाणी भारतातल्या लिलावात विका : एक साफ केलेले, एक न केलेले. हाती आलेली रक्कम तुमच्या यादीतल्या आकड्यांशी ताडून पाहा, त्याच प्रमाणात उरलेली यादी सुधारा आणि सुधारलेल्या यादीसह पुन्हा लिहा.